अठरा श्वास

संख्याशास्त्राचा पहिला कोर्स मी तीनदा घेतला. आमच्या कम्युनिटी कॉलेजात एकच कोर्स चौथ्यांदा घेऊ देत नाहीत, नाहीतर माझी मजल कुठवर गेली असती सांगता येत नाही. पहिल्या वेळी मुलगी पोटात होती, तिसऱ्याच आठवड्यात सोडला. दुसऱ्या वेळी इमानेइतबारे शेवटपर्यंत बसले आणि अठ्ठावन्न टक्के मिळवून नापास झाले. तिसऱ्या वेळी मी सेहेचाळीस वर्षांची होते.

मी एका केअर होममध्ये काम करते. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, कपडे घालायचे, भरवायचं, पुन्हा झोपवायचं. एकोणीस वर्षं हेच. नर्सबाई औषधांची गाडी ढकलत येतात आणि आम्ही मदतनीस माणसं उचलतो. माणसं उचलून माझी कंबर गेली होती, आणि मला आता ती गाडी हवी होती. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, येत्या ऑगस्टपासून, माझं नाव लागलं होतं. अटी दोन. या कोर्सात निदान सी ग्रेड, आणि काम करते तिथल्या प्रमुखांचं सहीचं पत्र, की ही बाई नीट काम करते, हिच्यावर कधी कसली कारवाई झालेली नाही. पत्राची मला काळजी नव्हती. काळजी होती ती सी ची.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चारला, तळघरात. शेजारी वेल्डिंगची कार्यशाळा. सर म्हणजे ओडेगार्ड नावाचे एक उंच, वाकलेले गृहस्थ. तीन कॉलेजांत तासावर शिकवायचे, आणि एकातून दुसरीकडे जाताना गाडीतच सँडविच खायचे. स्वेटरवर कायम चुरा. पण माणूस चांगला. प्रश्न विचारला की "हे मी मागच्या तासाला सांगितलंय" असं कधी म्हणाले नाहीत. माझ्या बाजूला ड्वेन पकेट बसायचा. लोखंडाची ओतशाळा बंद पडली तेव्हा घरी बसलेला, पन्नाशी उलटलेला, आता हीटर आणि एसी दुरुस्तीचं शिकत होता. त्याला संख्याशास्त्र कशाला लागतं हे त्यालाही माहीत नव्हतं, कॉलेजला माहीत होतं.

"लोर्नाबाई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमची कितवी खेप?"

"तिसरी."

"मग तुम्हीच शिकवा की. त्या बिचाऱ्याला निवांत सँडविच खाऊ दे."

मार्चपर्यंत माझी सरासरी सदुसष्ट होती. सी ला सत्तर लागतात. सरासरी म्हणजे काय, हे मला तोवर चांगलंच कळलं होतं. उरला होता एक प्रकल्प, पंचवीस टक्क्यांचा. कुठलीही खरी आकडेवारी गोळा करा, चिठ्ठ्या टाकून नमुना निवडा, आलेख काढा, त्यातून काय दिसतं ते वर्गापुढे सांगा. ड्वेन एका चौकात खुर्ची टाकून बसला आणि थांबा अशी पाटी असताना किती गाड्या थांबत नाहीत ते मोजत राहिला. एका मुलीने साठ जणांना पिझ्झ्यावर काय आवडतं ते विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडे आकड्यांना काय तोटा? आम्ही रोज प्रत्येक माणसाचा ताप, नाडी, रक्तदाब, श्वास लिहितोच. सर म्हणाले होते की निसर्गातल्या बहुतेक गोष्टी आलेखावर मांडल्या की घंटेसारखा आकार येतो, मधे फुगीर, दोन्हीकडे उतार. मी श्वास निवडले. श्वासाहून नैसर्गिक आणखी काय असणार?

आमच्या प्रमुख हॅवरकॅम्पबाईंना विचारलं. त्यांनी दोन दिवसांनी सहा आठवड्यांच्या नोंदींच्या झेरॉक्सचा गठ्ठा दिला. रहिवाशांची नावं आणि खोल्यांचे नंबर काळ्या शाईने खोडलेले. "आमच्या जागेचं नाव कुठे येता कामा नये हं," म्हणाल्या. मी म्हटलं, येणार नाही मॅडम. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात, ज्याने नोंद केली त्याची आद्याक्षरं असतात. ती खोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

चिठ्ठ्या टाकल्या, चारशे नोंदी निवडल्या, आणि एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून एकेका नोंदीला एकेक ठिपका द्यायला बसले. अर्ध्या तासात कागद वरच्या बाजूने संपला. वर दुसरा चिकटवला, तोही पुरेना. अठरा या आकड्यावर ठिपक्यांची सरळसोट उभी रांग चढत गेली होती. चारशेपैकी दोनशे अडुसष्ट अठरा. सोळा एकसष्ट, वीस अठ्ठावन्न. बाकी तेरा इकडेतिकडे, चौदा, बावीस, चोवीस. सतरा एकही नाही. एकोणीस एकही नाही. सहा आठवड्यांत आमच्याकडच्या एकाही माणसाने मिनिटाला विषम आकड्याचे श्वास घेतले नव्हते.

ओट्यावर दूध ओतू जाईपर्यंत मी त्या कागदाकडे बघत बसले. मला आश्चर्य वाटलं असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल.

श्वास मोजायला मशीन नसतं. नाडी आणि रक्तदाब मशीन सांगतं, ताप मशीन सांगतं, श्वास मात्र छातीकडे बघून मोजायचे, पूर्ण एक मिनिट. सकाळी सहा ते साडेसात माझ्याकडे बारा माणसं. बारा मिनिटं नुसतं छात्यांकडे बघत उभं राहिलं तर बारा माणसं ओली पडून राहतात. म्हणून लिहायचं अठरा. सोळा जरा कमी वाटतो, वीसच्या वर गेलं की नर्सला बोलवावं लागतं, अठराला कोणी हटकत नाही. मला हे डेल्फीन नावाच्या बाईने पहिल्या दिवशी सांगितलं. ती आता निवृत्त होऊन फ्लोरिडात आहे. आणि मी अकरा वर्षांपूर्वी रेनाटा सोबचाकला सांगितलं, तिच्या पहिल्या दिवशी. रेनाटा माझी मैत्रीण. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी पत्ते खेळायचो, आणि ती इतकी उघड लबाडी करायची की राग यायच्याऐवजी हसू यायचं.

मंगळवारी कागद घेऊन गेले. सर बाकांमधून हिंडत सगळ्यांचे आलेख बघत होते. माझ्यापाशी आले आणि थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय आहे?"

"श्वास, सर. मिनिटाला किती ते."

"कोणी मोजले?"

"मशीनने," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

सर त्या उभ्या रांगेवरून बोट वरपर्यंत नेत म्हणाले, "मग त्या मशीनला डॉक्टरकडे न्या. त्याला विषम आकडे येत नाहीत."

ड्वेन खिंकाळला. "आमच्या ओतशाळेत असंच एक मशीन होतं. नाव होतं त्याचं, गॅरी. हजेरी लिहायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या बाकावरून खुर्ची ओढली आणि बसून हलक्या आवाजात म्हणाले, "लोर्ना, या वर्गात इतका बोलका आलेख दुसऱ्या कोणाकडे नाही. टाकू नका हा. तीस माणसं निवडा, चिठ्ठ्या टाकून. स्वतः मोजा, प्रत्येकी पूर्ण एक मिनिट. दोन आलेख शेजारी शेजारी ठेवा. एवढंच करा."

"आणि मग काय म्हणायचं?"

"जे दिसेल ते."

त्याच आठवड्यात मी मोजायला लागले. माझं काम संपल्यावर अर्धा तास मागे थांबायचे. श्वास मोजताना एक गंमत आहे, माणसाला सांगितलं की तुझे श्वास मोजतेय, की तो वेगळेच श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं सोंग करायचं, आणि नजर छातीवर ठेवायची. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. एकोणीस वर्षांत मी ते पाचदहा वेळा केलं असेल.

एक मिनिट फार मोठं असतं. टिडमन म्हणून एक जुने शाळामास्तर होते, मी मनगट धरून उभी राहिले तर चाळीस सेकंदांनी म्हणाले, "काय गं, गेलो की काय मी?" त्यांचे पंधरा भरले. पुढच्या खोलीत तेवीस. मग एकोणीस. मग तेरा. विषम आकडे सगळीकडे होते, इतकी वर्षं गाद्यांवर पडलेले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. कोणाला काही करायचं नाही, उचलायचं नाही, फक्त बघायचं. कित्येकांचे चेहरे मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिले, आणि मला लाज वाटली. लाज वाटली तरी आनंदही झाला, दोन्ही एकदमच होतं.

शुक्रवारी चिठ्ठी निघाली ओटिली ब्रॅन्ड्स्मा. या बाई पलीकडच्या विंगमधल्या, रेनाटाच्या वाटणीच्या. एक्क्याण्णव वर्षांच्या, तोंडाने फटकळ, कस्टर्ड गार आलं तर परत पाठवणाऱ्या. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मी मनगट धरलं. अठ्ठावीस. वाटलं चुकले असेन, पुन्हा मोजलं. अठ्ठावीस. दाराशी लटकवलेल्या कागदावर सकाळची नोंद होती अठरा. आदल्या दिवशीही अठरा, त्याच्या आदल्या दिवशीही. मी धावत नर्सला बोलावलं. अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स आली. न्यूमोनिया होता, दोन्ही बाजूंना.

वाचल्या बाई. नऊ दिवसांनी परत आल्या आणि आल्याआल्या उशीबद्दल तक्रार केली. पण त्यांच्या मुलाने हॉस्पिटलात विचारलं होतं की हे किती दिवसांपासून असेल, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चारपाच दिवस तरी. तो वकील नव्हता, पण त्याच्या ओळखीत एक होता.

पुढचे दोन आठवडे केअर होममध्ये सगळे टाचा उचलून चालत होते. एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी हॅवरकॅम्पबाईंनी मला बोलावलं.

"बस, लोर्ना." त्यांनी कधी बस म्हटलं नव्हतं. "तू मोजलंस म्हणून त्या वाचल्या. कामाची वेळही नव्हती तुझी. हे मी वर कळवलंय."

मी म्हटलं, "थँक यू, मॅडम."

टेबलावर दोन कागद होते. एक ब्रॅन्ड्स्माबाईंच्या नोंदींचा. पाच दिवस, पाच अठरा, आणि शेवटच्या रकान्यात पाचही वेळा आर. एस. दुसरा माझा, नर्सिंगच्या प्रवेशाच्या पत्राचा, मजकूर टाइप केलेला, खाली सहीची जागा मोकळी. तो पंधरा मे पर्यंत पोचायला हवा होता.

"हे रेनाटाचं ना?" त्यांनी पहिल्या कागदावर पेन टेकवलं.

"हो."

"पाच दिवस सारखा एकच आकडा. ही मोजतच नव्हती. हे तिचं एकटीचंच आहे, का आणखी कोणी असं करतं? तू एवढे दिवस ते कागद घेऊन बसली होतीस. तुला काही दिसलं असेल तर आत्ता सांग."

माझ्या पिशवीत आलेख होता. दुसऱ्या दिवशी सादर करायचा म्हणून गुंडाळी करून रबर लावून ठेवलेला. आद्याक्षरांप्रमाणे वेगळे रंगही दिले होते मी, सरांनी सुचवल्यावरून. मला फक्त रबर काढायचं होतं. हॅवरकॅम्पबाईंना खरं तर एकच नाव हवं होतं, वर पाठवायला. बावीसच्या बावीस मदतनिसांची नावं पाठवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कोण उठवणार? हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, म्हणजे मी रबर काढलं असतं तरी कदाचित त्यांनी कागद बघितला नसता. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण तेव्हा मी असला काही विचार करत नव्हते. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

"मी फक्त आकडे घेतले, मॅडम," मी म्हटलं. "कोणाचे ते नाही बघितलं."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या पत्रावर सही केली.

मंगळवारी माझं सादरीकरण झालं. ड्वेन माझ्याआधी होता. त्याच्या चौकात शंभरातल्या एकसष्ट गाड्या थांबत नव्हत्या, आणि त्यातली एक सरांची होती. वर्ग हसून लोळला. मग मी फळ्यावर दोन्ही आलेख लावले. डावीकडे ती उभी रांग, उजवीकडे माझ्या तीस माणसांचा, तेरापासून अठ्ठावीसपर्यंत पसरलेला, मधे जरा फुगलेला, सरांनी सांगितल्यासारखा. मी आधी सगळं लिहून काढलं होतं. त्यात असं होतं की नोंदी घेण्याच्या पद्धतीत दोष असावा. पण बोलायला उभी राहिले आणि कागद खाली ठेवला.

"मागे मी सांगितलं की मशीनने मोजले," मी म्हटलं. "मशीन नाही. आम्ही मोजले. म्हणजे मोजलेच नाहीत. हे दोनशे अडुसष्ट अठरा न मोजता लिहिलेत. यातले निळे ठिपके माझे आहेत. माझ्या एकूण नोंदी एकशे बारा, त्यातले सत्त्याण्णव अठरा. सगळ्यांत जास्त माझेच आहेत."

शेजारी वेल्डिंगचं मशीन करकरत होतं. मग मी सगळं सांगितलं. डेल्फीन, बारा माणसं, मनगट धरायचं सोंग, अठ्ठावीस. नाव न घेता ब्रॅन्ड्स्माबाईही सांगितल्या. बोलता बोलता मला इतकं हलकं वाटायला लागलं की थांबवेना. पिझ्झावाल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

संपल्यावर सर टेबलाच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "वीस वर्षं शिकवतोय. नमुन्यात स्वतःलाच पकडणारा विद्यार्थी आज पहिल्यांदा बघितला."

ड्वेनने हात वर केला. त्याच्या आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती. "मग तुमची नोकरी गेली?"

"नाही."

"काहीच नाही केलं तुम्हाला?"

"नाही."

"नशीबवान आहात," तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

प्रकल्पाला शहाण्णव गुण मिळाले. वर्गात सर्वांत जास्त. शेवटी माझी सरासरी चौऱ्याहत्तर झाली, म्हणजे सी, म्हणजे ऑगस्ट. सरांनी पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अशा धैर्याला गुण देता येत नाहीत, तरी दिलेत.' ज्या खोलीत खरं बोलायचे गुण मिळतात त्या खोलीत मी खरं बोलले होते. गाडीत बसून ते वाक्य मी दोनदा वाचलं, आणि मग तो कागद मागच्या सीटवर टाकला.

बुधवारी दुपारी दोनला माझं काम संपलं. कपडे बदलायच्या खोलीत गेले तर रेनाटा तिचं कपाट रिकामं करत होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात चपला, चहाचा कप, हाताला लावायचं क्रीम, पत्त्यांचा जोड. तिला सकाळीच सांगितलं होतं. तिच्या मदतनिसाच्या प्रमाणपत्राची चौकशी होणार होती, म्हणजे दुसऱ्या कुठल्या केअर होममध्येही आता तिला घेणार नव्हते.

"आलीस?" ती म्हणाली. "बरं झालं. मला वाटलं तोंड चुकवशील."

"कशाला चुकवेन?"

"हॅवरकॅम्प म्हणते, पाच दिवस सलग अठरा, हे काय आहे? मी म्हटलं, बाई, पाच दिवस काय घेऊन बसलात." ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "तुझं नाव नाही घेतलं हं मी. म्हटलं, हिचं ऑगस्टचं आहे, कशाला घाण करा. कोणाचंच नाही घेतलं."

मी तिच्या खोक्यातलं क्रीमचं झाकण घट्ट केलं.

"तुझ्याकडे ते सगळे कागद होते ना गं," ती म्हणाली. "माझे किती होते? अठरा?"

"एकाहत्तर."

"चारशेत?"

"चारशेत."

"बाई गं." तिने मान हलवली. जणू दुसऱ्याच कोणाचा आकडा ऐकत होती. मग कपाटाचं दार लावलं, आत काही राहिलं का म्हणून पुन्हा उघडून बघितलं, आणि माझ्याकडे वळून साधेपणाने विचारलं, "आणि तुझे?"

"माझे नाही मोजले," मी म्हटलं.

रेनाटा माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, मिनिटभर तरी नक्की. मग तिने जॅकेटची चेन लावली आणि खोका उचलला. तिचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून दार मी धरलं.